मुका मार वाचायला शिका : मध्ययुगीन लढाईच्या छंदात उतरणाऱ्यांसाठी

मांडीवर पहिला वार बसला तेव्हा मला दुखलंच नाही. गादीवर काठी आपटावी तसा आवाज आला आणि पाय आपोआप मागे गेला, इतकंच. ठणका सुरू झाला अर्ध्या तासाने, बुटांच्या नाड्या सोडायला वाकले तेव्हा. दुसऱ्या दिवशी तिथे दोन समांतर जांभळ्या रेघा होत्या आणि मधली पट्टी फिकट होती. पात्याची रुंदी मोजून घ्यावी इतका स्वच्छ ठसा. त्याच्याकडे बघता बघता लक्षात आलं, की मी कशी उभी होते तेच त्यात उमटलंय : सगळा भार पुढच्या पायावर, गुडघा अडकलेला, पाय मागे ओढायला जागाच नाही.

रक्त नाही, उघडी जखम नाही, पण आतून मांस ठेचलेलं, याला आपण मुका मार म्हणतो. या छंदात तो मिळणारच. मिळाला तर काय बघायचं, किती मिळाला तर चालतो आणि कुठला अजिबात चालवून घ्यायचा नाही, एवढं कळलं तर हा छंद वर्षानुवर्षं खेळता येतो. पुढचं सगळं त्यासाठीच.

पायरी १ : कुठली लढाई हवी ते ठरवा

‘मध्ययुगीन लढाई’ या एकाच नावाखाली तीन बरेच वेगळे खेळ चालतात, आणि तिघांचा मार वेगळा.

पहिला वेताचा. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका घराच्या परसात काही मित्रमंडळींनी मध्ययुगीन थाटाचा सामना भरवला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. तिथे तलवार म्हणजे टेप गुंडाळलेला जाड वेत. लाकडाची काठी मोडली की टोकदार फाटते. वेताचे मात्र तंतू सुटत जातात, म्हणून वेत. वार पुरेसा जोरात बसला की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो. हाताला लागला तर तो हात गेला असं धरायचं, मांडीला लागला तर गुडघ्यावर बसून लढायचं. गुडघ्याखाली आणि पंजावर वार करायचा नाही. समोरच्याच्या प्रामाणिकपणावर उभा असलेला खेळ मला फार मोठी गोष्ट वाटते.

दुसरा बुहर्ट. पूर्ण पोलादी चिलखत, बोथट पोलादी शस्त्रं, आणि गटागटांची खरीखुरी धुमश्चक्री. ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ हा त्याचा आंतरराष्ट्रीय सामना २०१० साली युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात पहिल्यांदा झाला. इथे गुण मोजत नाहीत. दोन पायांशिवाय तिसरं काहीही जमिनीला टेकलं, की तुम्ही बाद. भोसकायला बंदी आहे. गुडघ्याची मागची बाजू, पाऊल, जांघ, मानेची मागची बाजू यांवरही वार चालत नाही. ढकलणं, आवळणं, आदळणं मात्र चालतं, त्यामुळे इथला मार तलवारीपेक्षा माणसाच्या वजनाचा असतो.

तिसरी ऐतिहासिक युरोपीय युद्धकला, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे हेमा म्हणतात. जुन्या हस्तलिखितांतून तंत्र वाचायचं आणि अंगात उतरवायचं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात जपलेलं, तलवार आणि छोट्या ढालीचं ‘आय.३३’ हे हस्तलिखित चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. युरोपातलं इतकं जुनं तलवारबाजीचं दुसरं पुस्तक उपलब्ध नाही. पुढे जर्मन परंपरेत योहानेस लिख्टेनाउअर आणि इटालियन परंपरेत फिओरे देई लिबेरी या जुन्या उस्तादांची नावं तुम्हाला रोज ऐकू येतील. सरावाला लवचिक पात्याची, साधारण १.३ ते १.६ किलोची बोथट तलवार असते. तिला फेडर म्हणतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात हेमाने करा, मन बुहर्टकडे ओढत असलं तरी. चिलखत चुका झाकतं आणि फेडर त्या उघड्या पाडते. वर्षभर उघड्या पडलेल्या चुका घेऊन चिलखतात शिरलेला माणूस आणि थेट चिलखतात शिरलेला माणूस, दोघांच्या उभं राहण्यातला फरक लांबूनही दिसतो.

पायरी २ : शरीराला आधी सांगून ठेवा

सहा आठवडे द्या. बैठका, जोर, वजन उचलून चालणं, आणि मानेचे व्यायाम. मान कुणी करत नाही आणि डोक्यावर वार बसला की सगळ्यात आधी तीच हादरते. पालथा हात कपाळावर ठेवून डोकं त्यावर दाबायचं, दहा मोजायचे. मग बाजूंनी, मग मागून. एवढंच, पण रोज.

चिलखतात उतरायचं असेल तर दम वेगळा कमवावा लागतो. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या ३० ते ५० किलोच्या प्रतिकृती घालून माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. चालताना दुपटीहून जास्त आणि धावताना जवळजवळ दुप्पट शक्ती खर्च झाली. तेवढंच वजन पाठीवर घेतलं असतं तर इतका खर्च झाला नसता. चिलखताचा बराच भार पायांवर असतो, आणि तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो. शिवाय छातीच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, उथळ आणि भराभर घ्यावा लागतो. म्हणून जिन्याची चढउतार करताना वार केल्यासारखं हात टाकत ‘हं’ करून श्वास सोडायची सवय लावा. नवखे लोक मारताना श्वास धरून ठेवतात आणि मिनिटभरात संपतात.

पडायला शिका. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात मागे टेकवायचा नाही, तलवार सोडून द्यायची. मनगट मोडायचं कारण बहुतेक वेळा टेकवलेला हात असतो. बुहर्टमध्ये पडल्यावर उठायची घाई करू नका. हात अंगाशी घ्या आणि पंच सांगेपर्यंत पडून राहा, कारण वरून आणखी दोघं येऊन पडू शकतात.

पायरी ३ : काय घालायचं, आणि कुठल्या क्रमाने घ्यायचं

लोक आधी तलवार घेतात. तलवार शेवटी घ्या, सुरुवातीला संघाची मिळते. क्रम असा ठेवा : डोकं, गळा, बोटं, मग बाकी सगळं.

हेमासाठी जाळीचा तलवारबाजीचा मास्क लागतो, पण तो मूळचा खेळातल्या हलक्या तलवारींसाठी बनलेला आहे. डोक्याची मागची बाजू त्यात उघडी असते. मागून पोलादी किंवा जाड प्लास्टिकचं आच्छादन लावल्याशिवाय लाँगस्वर्डसमोर, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या लांब तलवारीसमोर, उभं राहू नका. मास्कवर आणि जाकिटावर न्यूटनमध्ये आकडा असतो, ३५०, ८००, १६०० असा. तो कापड भोसकलं जायला किती जोर लागेल ते सांगतो. आघात किती शोषला जाईल ते सांगत नाही. आकडा मोठा म्हणून दुखणार नाही अशा भरवशावर लोक गाफील राहतात. आघात शोषतो तो भरावाचा जाड थर.

गळ्याला कडक पट्टी असलेलं कवच हवंच. तलवारीचं टोक मास्कच्या दाढीखालून, म्हणजे गळ्यावर येणाऱ्या कापडाखालून, वर सरकतं, ते सेकंदाच्या आत.

बोटं. यावर मी जितकं लिहीन तितकं कमी. लाँगस्वर्डमध्ये हात सगळ्यात पुढे असतात आणि सगळ्यात हलकी हाडं तिथेच असतात. साध्या भरावाच्या हातमोज्यांनी पोलादी पात्याचा मार थांबत नाही. मूठ झाकणारे, कडक कवचाचे जड हातमोजे घ्या आणि दुकानातच तलवारीसारखी काठी धरून बघा : अंगठ्याचं टोक झाकलं जातंय का, मनगट आणि बाहीमध्ये फट राहतेय का, मूठ पूर्ण वळतेय का. मूठ वळली नाही तर पकड सैल होते, पकड सैल झाली की पातं फिरतं आणि समोरचा वार थेट अंगठ्यावर घसरतो.

कोपर, गुडघे आणि नडगीला कडक वाट्या. पुरुषांना जांघेचं कवच, बायकांना छातीचं कडक कवच. १३६१ साली स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावरच्या विस्बी शहराबाहेर लढाई झाली. तिथल्या सामूहिक कबरींतल्या सांगाड्यांवर धारदार वारांच्या ज्या खुणा सापडल्या त्यांचा मोठा वाटा पायाच्या खालच्या भागावर आहे. ढालीच्या खाली जे उरतं तिथेच वार येतो, आजही.

चिलखताखाली गॅम्बेसन असतो, गोधडीसारखा शिवलेला जाड अंगरखा. पंधराव्या शतकातल्या एका फ्रेंच राजाज्ञेत अशाच, पण चिलखताऐवजी घालायच्या अंगरख्याला कापडाचे ३०, निदान २५ थर असावेत असं सांगितलं आहे. पत्रा वार अडवतो, पण धक्का पसरवून मवाळ करतो तो हा अंगरखाच. चिलखत घालून बघताना एकच तपासा : वजन कमरेवर बसतंय की खांद्यावर लटकतंय? खांद्यावर लटकत असेल तर तासाभरात गळ्याच्या हाडावर वळ उठतील, तेही कुणी न मारता. शिरस्त्राण कवटीला कुठेही टेकता कामा नये. आत भराव हवा, हनुवटीखाली पट्टा घट्ट हवा. डोकं जोरात हलवल्यावर ते मागाहून हलत असेल तर ते तुमचं नाही.

पायरी ४ : उभं राहणं

जर्मन परंपरेत चार मुख्य पवित्रे आहेत, आणि त्यांची नावं ऐकली की ते विसरत नाहीत. ‘ओक्स’ म्हणजे बैल : मूठ डोक्याच्या बाजूला, टोक समोरच्याच्या तोंडाकडे, शिंगासारखं रोखलेलं. ‘फ्लुग’ म्हणजे नांगर : मूठ कमरेशी, टोक वर चढतं. ‘आल्बर’ म्हणजे मूर्ख : टोक जमिनीकडे, अंग उघडं टाकलेलं, समोरच्याला आमिष म्हणून. आणि ‘फोम टाग’, तलवार खांद्याशी किंवा डोक्यावर उचललेली. आरशासमोर प्रत्येकात पाच मिनिटं उभं राहा आणि एकातून दुसऱ्यात जाताना गुडघे वाकलेलेच राहतात का ते बघा.

मग खांब. माणसाच्या उंचीचा खांब रोवून त्यावर वार करायची पद्धत रोमन काळापासून आहे. जोर किती, यापेक्षा वार कुठे थांबतो ते बघा. खांबाला लागायच्या आधी बोटभर अंतरावर पातं थांबवता आलं की समजा, माणसासमोर उभं राहायची वेळ झाली.

पायरी ५ : पहिली झुंज

आधी बोला. जोर किती ठेवायचा, धरपकड चालेल का, आधीची काही दुखापत आहे का. थांबण्याचा शब्द ठरवा. तो कुणीही, अगदी बघणाऱ्याने उच्चारला तरी सगळ्यांनी जिथल्या तिथे गोठायचं. वार लागला की हात वर करून मान्य करायचा, जागा दाखवायची. जास्त जोरात बसला तर लगेच सांगा. न सांगता पुढच्या फेरीत त्याच जोराने परतफेड करणारी जोडी मी पाहिली आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांनाही थांबवावं लागलं.

आता गंमत. मास्क घातला की जग आकसतं. स्वतःचा श्वास भाता चालावा तसा कानात घुमतो. समोरच्याचे खांदे आणि मूठ एवढंच दिसतं. पात्याला पातं भिडलं की हातातून कळतं, तो दाबतोय की सैल आहे. जर्मन उस्ताद याला ‘फ्यूलेन’ म्हणजे स्पर्शातून जाणणं म्हणतात. पहिल्यांदा जेव्हा मला त्या दाबावरून समोरचा आता सुटून दुसऱ्या बाजूने येणार हे कळलं आणि माझं पातं आधीच तिथे होतं, तेव्हा मी मास्कच्या आत मोठ्याने हसले होते. त्या एका क्षणासाठी मी आजही सरावाला जाते. चिलखतात हीच गोष्ट अंगाने होते : खांद्याला खांदा भिडतो, शिरस्त्राणावर वार बसला की घंटेत डोकं घातल्यासारखं होतं, आणि तरीही पाय रोवलेले आहेत याचा जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही.

शरीरात ॲड्रेनलिन चढलेलं असताना वेदना उशिरा कळतात. म्हणून झुंज चांगली चालली आहे हे दुखापत झाली नसल्याचं लक्षण नाही. प्रत्येक फेरीनंतर हातमोजे काढून दहाही बोटं मिटून-उघडून बघा. शिरस्त्राण काढा, पाणी प्या. जाड अंगरख्यात उष्णता कोंडते. कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याचं सगळं उतरवून थंड पाण्याने अंग भिजवायला घ्या आणि मदत बोलवा. घाम येतोय म्हणून ठीक आहे असं समजू नका.

पायरी ६ : रात्री, आरशासमोर

कपडे बदलताना वळ शोधा आणि कुठे आहेत ते वहीत टिपा. माझ्या अनुभवात जागा जवळजवळ नेहमी खरं सांगते.

अंगठ्यावर किंवा मुठीवर : वार अडवताना पात्याच्या आधी हात पुढे जातायत. पातं आधी, हात मग, पाय शेवटी.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला : कोपर फाकलंय.

पुढच्या मांडीवर : माझा जुना दोष. यावर जुना आणि सुंदर उपाय आहे. हात खांद्याच्या उंचीला सरळ असतात तेव्हा तलवार सगळ्यात लांब पोचते, खाली मांडीकडे वळवली की पोच कमी होते. म्हणजे समोरच्याने पायावर वार टाकला तर पाय मागे ओढायचा आणि त्याच्या डोक्यावर वार करायचा. तो पोचत नाही, तुम्ही पोचता. जर्मन परंपरेत याला ‘युबरलाउफेन’ म्हणतात. मी पाय ओढायचा हा एकच सराव दोन महिने केला आणि मांडीवरच्या रेघा थांबल्या.

बरगड्यांवर : वार करून झाल्यावर तुम्ही तिथेच थांबता. आत जाण्याइतकंच बाहेर पडणं शिकावं लागतं.

पाठीवर किंवा डोक्याच्या मागे : तुम्ही घाबरून वळलात. हे वहीत टिपून सोडून द्यायचं नाही, लगेच उस्तादाला सांगायचं. कवच तिथे सगळ्यात पातळ असतं.

उपचार साधा आहे. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी. हात-पाय उंचावर. पहिले दोन दिवस शेक नाही, चोळणं नाही. विशेषतः मांडीचा खोल मार चोळून मोकळा करायला जाऊ नका. तिथे साकळलेल्या रक्तात पुढे हाडासारखा कडक भाग तयार होऊ शकतो. ॲस्पिरिन टाळा, रक्त गोठणं त्याने लांबतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या खेळात उतरूच नका. सूज वाढतेय का हे कळायला तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवते मी. सकाळी रेघेच्या बाहेर गेली असेल तर दिसतं.

रंगांना घाबरू नका. लाल, मग एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिरवट, मग पिवळा, तपकिरी, आणि साधारण दोन आठवड्यांत साफ. सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्याने मोडतं. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. मार मांडीला आणि डाग गुडघ्याजवळ, असंही होतं, रक्त खाली उतरतं.

पायरी ७ : हा मुका मार नाही

एका बिंदूवर बोट ठेवलं की कळ येते, बोट मिटत नाही, पायावर भार घेता येत नाही : हाड तुटलेलं असू शकतं, एक्स-रे काढा.

मांडी, पोटरी किंवा हाताचा पुढचा भाग दगडासारखा ताठ, दुखणं मार बसला त्याच्या मानाने अतोनात आणि वाढतं, बोटं ताणली की असह्य, मुंग्या किंवा बधिरपणा : स्नायूंच्या आत दाब वाढतोय. सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय गाठा.

श्वास घेताना बरगडीत कळ आणि धाप, डाव्या बरगड्यांखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, लघवी लाल किंवा गडद चहाच्या रंगाची : हेही तातडीचं.

आणि डोकं. शिरस्त्राण कवटी वाचवतं. आत मेंदू हलतो तो त्याला थांबवता येत नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, गोंधळ, मधलं काही न आठवणं, यातलं एकही दिसलं की त्या दिवशीचा खेळ संपला. ‘एकच फेरी’ नाही. वारंवार उलटी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, गुंगी, झटके आले तर ताबडतोब रुग्णालय. बरं वाटल्यावरही परतायचं ते पायऱ्यापायऱ्यांनी : चालणं, धावणं, एकट्याचा सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर झुंज. पहिला धक्का पूर्ण भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना छंदाबद्दल आधीच, स्पष्ट सांगा. एकदा खांद्याचे वळ पाहून माझ्या डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. मी फोनमधले सरावाचे फोटो दाखवले, आणि तेव्हापासून तपासणीच्या आधीच सांगते.

पायरी ८ : सामान गुंडाळताना

पोलादी पाती एकमेकांवर आपटली की कडेला बारीक कुसळं उठतात. सुती फडकं पात्यावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कानस चालवा आणि फडकं न अडकता सरकेपर्यंत घासा. एवढ्याशा कुसळाने हातमोजा फाटतो आणि त्याखालची कातडीही. मग तेलाचा पातळ हात. मास्कची जाळी अंगठ्याने सगळीकडून दाबून बघा. कुठे दबली किंवा गंजली असेल तर तो मास्क भिंतीवर टांगा, डोक्यावर नको. अंगरखा घरी पोचल्या पोचल्या उलटा करून वाळत घाला, पिशवीत रात्रभर ठेवू नका. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तेवढ्यात तुमची मांडी जांभळ्याची हिरवी व्हायला लागलेली नसते, पण बोटं मात्र पुन्हा काठी धरायला लागलेली असतात.